एका नियमाचा खेळ : प्रस्तावना

या पुस्तकात एकच खेळ तयार होतो. त्यात पाच डबे आहेत, एक इंजिन आहे आणि तीन आखूड रूळ आहेत. कथा नाही, पात्रे नाहीत, नाणी गोळा करणे नाही, रोज हजेरी लावल्याचे बक्षीस नाही. पडद्यावर दाखवलेल्या क्रमाने तीन डबे एका रुळावर आणून उभे केले की कोडे सुटले. प्रोग्रामिंगची तोंडओळख झालेल्या आणि फोनवर चालणारा पहिला कोडे-खेळ स्वतःच्या हाताने पूर्ण करू पाहणाऱ्या माणसासाठी हे पुस्तक आहे. त्यातली निम्म्याहून अधिक पाने कोड लिहायला बसण्याआधीच्या कामाविषयी आहेत, आणि ती तशी का आहेत हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

हा खेळ बंगळूरच्या यशवंतपूर रेल्वे स्थानकाने दिला. इथून एक मार्ग तुमकूर-अर्सिकेरेवरून हुबळीकडे जातो, एक यलहंकाकडे, एक हेब्बाळ-बाणसवाडीच्या बाजूला आणि एक शहराच्या मुख्य स्थानकाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूर-हरिहर मार्गावरच्या गाड्या सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी चालवत होती. पंढरपूरची एक्स्प्रेस आजही इथून सुटते. पलीकडच्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात आणि त्यांच्याबरोबर नगर-नाशिकची मराठी येते. स्थानकाच्या पादचारी पुलावर थोडा वेळ थांबलात तर शंटिंग दिसते : इंजिन पुढे येते, सांधा बदलतो, डबे मागे ढकलले जातात, काही सुटतात, काही इंजिनाला लागूनच राहतात. आतला डबा हवा असेल तर पुढचे आधी काढावे लागतात, आणि काढलेले डबे ठेवायला जागा लागते. कोडे म्हणतात ते एवढेच. जागा थोडी, क्रम ठरलेला, आणि प्रत्येक हालचालीने एक वाट मोकळी होताना दुसरी अडते.

या भागात, पीनियापासून मल्लेश्वरमपर्यंत, कोल्हापूर, लातूर, सोलापूर, बेळगावहून आलेली कितीतरी मुलेमुली पीजीत राहतात आणि दिवसभर दुसऱ्यांचे सॉफ्टवेअर लिहितात. खेळ बनवायचे अनेकांच्या मनात असते. सुरुवात बहुतेकांची एकाच पद्धतीने होते. आधी गेम इंजिन उतरवून घेतले जाते, मग मुख्य मेनू बनतो, मग सेटिंगची खिडकी, मग लॉगिन, मग जाहिरात कुठे दाखवायची याचा विचार. खेळ नेमका काय आहे हा प्रश्न या सगळ्यानंतर उरतो, आणि तिथे काम थांबते. ही माणसे हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना क्रम उलटा सांगितला गेला, एवढीच अडचण आहे. नवी मुंबईत बनलेला 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. तशा यशाची गोष्ट ऐकून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी लाखो खेळाडूंचा सर्व्हर डोळ्यांपुढे येतो. पहिल्या खेळाला सर्व्हर लागत नाही. त्याला एक नियम लागतो, आणि तो नियम कंटाळा न येता पुन्हापुन्हा वापरावासा वाटला पाहिजे.

असा नियम कुठून आणायचा? माझे उत्तर असे की तो शोधायला दूर जावे लागत नाही, आणि आपल्याकडे ही कला परकी नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचेच पाहा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. त्यापुढे उत्तर हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. कापरेकर हा नियम १९४९ पासून सांगत होते. त्यांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले, कारण ती कल्पना त्यांना त्याच नावाच्या स्थानकावर सुचली. त्या स्थानकाला आज आपण डोंबिवली म्हणतो. नियम दोन वाक्यांत सांगून होतो आणि परिणाम आयुष्यभर पुरतो. खेळ बनवणाऱ्याने कापरेकरांकडून ही नजर घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

याहून मागे गेलात तरी माणसे भेटतात. महाराष्ट्रातल्या लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर, गडांच्या पायऱ्यांशी दगडात कोरलेले खेळांचे पट आहेत. औरंगाबादच्या हरिकृष्णांनी १८७१ साली 'क्रीडाकौशल्य' हा बैठ्या खेळांविषयीचा संस्कृत ग्रंथ लिहिला. इकडे म्हैसूरला तिसरे कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) हे खेळ रचण्यात रमलेले राजे होते. घोड्याने बुद्धिबळाच्या प्रत्येक घरात एकदाच जायचे, हे जुने कोडे त्यांनी अनेक प्रकारे सोडवले. त्यांनी आखलेले पट जगनमोहन राजवाड्याच्या भिंतींवर रंगवलेले आहेत. गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचे त्यांनी नवे प्रकार केले, ३६ पानांपासून ३६० पानांपर्यंत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० पानांचा. त्याच्या तिप्पट पाने हातात धरून खेळायला राजदरबाराची सवड हवी. सवड नसलेल्या माणसासाठी खेळ रचायचा तर दिशा उलट हवी.

त्या उलट दिशेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 'टेट्रिस'चे आहे. १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांच्यापुढे पाच चौकोन जोडून होणाऱ्या बारा आकारांचे लाकडी कोडे होते. त्यांनी एक चौकोन कमी केला, आकार बारावरून सातावर आले. ज्या यंत्रावर त्यांनी तो खेळ लिहिला त्यावर चित्र काढायची सोय नव्हती, म्हणून चौकोन कंसांच्या चिन्हांनी दाखवले. उरले सात आकार, एक अरुंद विहीर आणि भरलेली ओळ नाहीशी होण्याचा नियम. चाळीस वर्षांनंतरही तो खेळ खेळला जातो. पाच चौकोनांचा खेळ केला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण कापण्याचा तो निर्णय मला प्रोग्रामइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या शंटिंगच्या खेळातही कापाकापी झाली आहे. ब्रिटनमधले ॲलन राइट यांनी छोट्या रेल्वेची आवड असलेल्यांसाठी एक प्रसिद्ध मांडणी बसवली, तिला 'इंगलनुक' म्हणतात. तीन रूळ : एकावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. इंजिन ज्या तुकड्यावर मागेपुढे होते त्या शंटिंग नेकवर इंजिनाखेरीज तीन डब्यांची जागा. एकूण डबे आठ. त्यातले पाच दिलेल्या क्रमाने उभे करायचे. ही मांडणी अप्रतिम आहे, पण नवख्याने थेट ती उचलली तर फोनच्या उभ्या पडद्यावर आठ डबे बारीक दिसतात आणि खेळणाऱ्याला पहिल्याच लेव्हलला धाप लागते. म्हणून या पुस्तकात रूळ तीन, दोन आणि दोन डब्यांचे आहेत, नेकवर दोन डबे मावतात आणि डबे पाच आहेत.

या लहानपणाचा खरा फायदा मोजायला बसल्यावर कळतो. पाच डबे या चार जागांत किती प्रकारे वाटले जाऊ शकतात हे कागदावर मोजता येते : बावीस प्रकारे. प्रत्येक वाटणीत पाच डब्यांचे क्रम १२०. म्हणजे खेळात येऊ शकणाऱ्या सगळ्या स्थिती मिळून २,६४०. राइट यांच्या पूर्ण मांडणीत हाच हिशेब २१,३६,९६० वर जातो. संगणकाला दोन्ही सारखेच सोपे आहेत. पण २,६४० हा आकडा माणसाच्या आवाक्यातला आहे. पंधरा-वीस स्थिती हाताने काढून बघता येतात, प्रोग्रामचे उत्तर आपल्या उत्तराशी ताडून पाहता येते, आणि चूक कुठे झाली हे सापडते. शिकणाऱ्याला ही सोय दुसऱ्या कशानेही मिळत नाही. आपल्या खेळात एकूण किती स्थिती शक्य आहेत, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर असावा असा माझा आग्रह आहे.

हा हिशेब न करता पुढे गेल्यावर काय होते, ते एका जुन्या गोष्टीत आहे. चार बाय चारच्या चौकटीत पंधरा सरकत्या सोंगट्या आणि एक रिकामे घर, असे कोडे १८८० च्या सुमारास अमेरिकेत वेड लावून गेले. सॅम लॉइड यांनी पुढे त्यातल्या १४ आणि १५ या दोनच सोंगट्या उलट ठेवून, हे सोडवणाऱ्याला १,००० डॉलर, असे आव्हान दिले. पैसे कोणालाच मिळाले नाहीत, कारण ती मांडणी सुटूच शकत नाही. सोंगट्या सोळा घरांत जितक्या प्रकारे ठेवता येतील त्यांपैकी बरोबर निम्म्या मांडण्या सरकवून सरकवून कधीच मिळत नाहीत, हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केले होते. आज एखादा नवखा हा खेळ लिहितो तेव्हा सोंगट्या यादृच्छिक पद्धतीने विस्कटतो. निम्म्या वेळा त्याचा खेळ खेळणाऱ्याला अशक्य काम देतो आणि बनवणाऱ्याला ते कळतही नाही. खेळणारा अर्धा तास झगडतो, मग स्वतःला मंद समजून फोन खाली ठेवतो. मला हे फार अन्यायाचे वाटते. कोडे देणाऱ्याने उत्तर असल्याची खात्री आधी करून घेतली पाहिजे. ही पहिली सभ्यता आहे.

खात्री करण्याच्या दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे सुटलेल्या स्थितीपासून उलटे चालत जाणे : खेळात मान्य असलेल्या चालीच वापरून मांडणी विस्कटायची. मात्र प्रत्येक चाल उलटी फिरवता येते ना, हे आधी तपासायचे. शंटिंगमध्ये येते, कारण जोडलेला डबा सोडता येतो आणि सोडलेला जोडता येतो. दुसरी वाट थोडी मेहनतीची आणि जास्त उपयोगाची. सुरुवातीच्या स्थितीपासून एका चालीत जिथे जिथे पोचता येते त्या सगळ्या स्थितींची यादी करायची, मग त्या प्रत्येकीपासून आणखी एका चालीत जिथे पोचता येते त्यांची, आधी आलेल्या वगळायच्या, असे उत्तर सापडेपर्यंत. उत्तर पहिल्यांदा सापडते तेव्हा लागलेल्या चाली कमीत कमी असतात. हा प्रोग्राम साठ-सत्तर ओळींत बसतो. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तो ओळीओळीने लिहिला आहे, आणि मी सुचवेन की चित्र, आवाज, बटणे यांतले काहीही करण्याआधी तो लिहावा. तो हातात आला की लेव्हल बनवणे हे अंधारात चाचपडणे राहत नाही.

पण या प्रोग्रामवर एका बाबतीत विसंबू नये. कमीत कमी चाली म्हणजे कठीणपणा असे तो सुचवतो, आणि ते खरे नाही. बारा चालींचे एखादे कोडे सरळ उतारासारखे सुटते आणि सहा चालींचे दुसरे तासभर अडवते. शंटिंगमध्ये अडवणारी लेव्हल ओळखायची एक खूण आहे : ज्यात एखादा डबा सुरुवातीपासूनच आपल्या योग्य जागी उभा आहे आणि तरीही कोडे सोडवण्यासाठी त्याला तिथून हलवावे लागते. बरोबर बसलेले मोडायला मन तयार होत नाही. अशा ठिकाणी खेळणारा थांबतो, विचार करतो, आणि उलगडल्यावर त्याला जो आनंद होतो त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. लेव्हल निवडताना चालींच्या आकड्याबरोबर हेही नोंदवावे : खेळणाऱ्याला ध्येयापासून दूर नेणारी चाल या लेव्हलमध्ये किती वेळा करावी लागते.

लेव्हल किती लांब असावी याचे माप मी इथल्या मेट्रोवरून घेतले आहे. यशवंतपूरला बसलात की सँडल सोप फॅक्टरी, महालक्ष्मी, राजाजीनगर, कुवेंपू रोड, श्रीरामपुरा, संपिगे रोड आणि मग मॅजेस्टिक. हिरव्या मार्गाचा हा टप्पा सकाळी गच्च भरलेला असतो. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन. सुरुवातीची लेव्हल दोन स्थानकांच्या मध्ये संपावी आणि कठीण लेव्हल मॅजेस्टिकपर्यंत पुरावी. सगळी बटणे एका अंगठ्याच्या टप्प्यात हवीत. उतरताना फोन खिशात गेला तर स्थिती जशीच्या तशी जपली गेली पाहिजे, आणि संध्याकाळी परतताना तिथूनच पुढे सुरू झाली पाहिजे. संपिगे रोडनंतर गाडी भुयारात शिरते, तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. खेळ त्याच्याशिवाय चालायला हवा. चाल मागे घेण्याचे बटण पहिल्या दिवसापासून हवे आणि त्याला मर्यादा नको. कोडे हा विचार करून पाहण्याचा खेळ आहे. करून पाहिल्याची शिक्षा देऊ नये. लॉगिन, गुणतक्ता, संपणारे जीव, वेळेची टांगती तलवार हे सगळे पहिल्या खेळातून मी काढून टाकायला सांगतो आणि त्याबद्दल वाद घालायची माझी तयारी आहे.

शब्दही जवळपास नाहीत. यामागे आमच्या वस्तीचे कारण आहे. इथे एकाच मजल्यावर कन्नड, तमिळ, हिंदी, मराठी बोलणारी घरे असतात आणि इस्त्रीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाच्या हातात फोन असतो. ज्या खेळाला सूचना वाचाव्या लागत नाहीत तो या सगळ्यांना देऊन पाहता येतो. म्हणून पहिल्या लेव्हलमध्ये दोनच डबे आणि एकच शक्य चाल ठेवली आहे : ती केली की नियम कळला. दुसरीत नेकवर जागा अपुरी पडते आणि मर्यादा कळते. तिसरीत पहिल्यांदा निवड करावी लागते. डबे नुसत्या रंगांनी वेगळे केलेले नाहीत, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसे पुष्कळ आहेत. प्रत्येक डब्यावर मालाचे चित्र आहे : कांदा, नारळ, गूळ, तांदूळ, सिमेंट.

खेळ दुसऱ्याच्या हातात देताना गप्प बसावे. हे सर्वांत अवघड आहे. समोरचा चुकीच्या जागी बोट लावतो, ओठांवर शब्द येतात, तरी बोलायचे नाही. तो कुठे थांबला, कशावर दोनदा बोट ठेवले, कधी हसला हे वहीत लिहायचे. चार-पाच माणसे एकाच ठिकाणी अडली तर दोष लेव्हलचा. या नोंदी कागदाच्या नमुन्यावरही घेता येतात. पुठ्ठ्याचे डबे आणि खडूने आखलेले रूळ पुरेसे आहेत, आणि या पुस्तकातले दुसरे प्रकरण पूर्णपणे पुठ्ठा आणि कात्रीचे आहे. ते वगळून पुढे जाऊ नये.

काही वाचकांना रुळांपेक्षा मराठी शब्दांचा खेळ करावासा वाटेल. वाटलाच पाहिजे, आपल्या भाषेत असे खेळ फार थोडे आहेत. जॉश वार्डल यांचे 'वर्डल' हे शब्द ओळखायचे कोडे २०२१ च्या शेवटी जगभर पसरले तेव्हा त्या साच्यात आपली भाषा घालून पाहावी असे अनेकांच्या मनात आले. पण तिथे एक अडचण आहे, तिच्यासाठी आराखड्यात आधीच जागा ठेवावी. संगणकाच्या लेखी 'मुंबई' ही पाच चिन्हे आहेत : म, उकार, अनुस्वार, ब, ई. आपल्या लेखी तीन अक्षरे. 'क्षितिज'मध्ये चिन्हे सात आणि अक्षरे तीन. हलन्ताने जोडलेले जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुनी साधने 'क्षि'चे दोन तुकडे करतात. शिवाय खेळणाऱ्याने 'मु' बरोबर ओळखला पण अनुस्वार चुकवला तर ते घर हिरवे करायचे की पिवळे, हे तुम्हालाच ठरवावे लागते. हे ठरवणे मोठे मजेचे काम आहे, पण पहिल्या खेळात ते घेऊ नका. रुळांचा खेळ पूर्ण करा आणि मग इकडे या. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्याची सुरुवात करून दिली आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. कल्पना पारखण्यासाठी स्टीफन लॅवेल यांनी २०१३ साली खुले केलेले 'पझलस्क्रिप्ट' ब्राउझरमध्ये चालते आणि फुकट आहे. पूर्ण खेळासाठी या पुस्तकात 'गोडो' वापरले आहे. ते मुक्त स्रोताचे आहे, आपण घेतलेल्या आवृत्तीची अट उद्या कोणी बदलू शकत नाही. २०२३ मध्ये 'युनिटी' या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीने खेळ जितक्यांदा बसवला जाईल तितके शुल्क घेण्याचे जाहीर केले आणि वर्षभराने मागे घेतले. मधल्या काळातली बनवणाऱ्यांची घालमेल लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी सध्याच्या नियमाप्रमाणे किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण शेवटच्या आठवड्यात शोधायला गेलात तर अडाल. पुठ्ठ्याचा नमुना ज्यांना दाखवला तेच पुढे चाचणीला उपयोगी पडतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. आपल्या खेळाचा त्या जगाशी संबंध नाही, पण घरचे विचारतील तेव्हा हे सांगता यावे.

नक्कल आणि श्रेय यांबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅशर व्हॉल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा 'थ्रीज' हा आकडे सरकवून जोडायचा खेळ आला. त्यामागे चौदा महिन्यांचे काम होते. मधल्या काळात त्यांनी त्या नियमावर नाना रूपे चढवून पाहिली, गुंतागुंत वाढवून पाहिली आणि शेवटी साध्या आकड्यांकडे परतले. पुढच्याच महिन्यात एकोणीस वर्षांच्या गाब्रिएले चिरुली यांनी एका शनिवार-रविवारात '२०४८' लिहिला, फुकट खुला केला, आणि जगाने तोच जास्त खेळला. 'थ्रीज'च्या दोघांनी आपला सगळा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. साध्या दिसणाऱ्या खेळामागे किती पायऱ्या असतात हे त्यात दिसते. चिरुलींना मी दोष देत नाही, त्यांनी शिकण्यासाठी लिहिले होते आणि कोडही उघडे ठेवले. शिकताना दुसऱ्याचा खेळ पुन्हा लिहून पाहणे चांगलेच आहे. बाजारात ठेवताना मात्र तो कोणाचा, हे लिहावे. या पुस्तकातल्या मांडणीचे मूळ राइट यांचे आहे आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर त्यांचे नाव आहे.

मुंबईच्या यलो मंकी स्टुडिओजने २०१२ साली 'ह्यूब्रिक्स' हा रंगांच्या वाटांनी चौकट भरायचा कोडे-खेळ आणला. त्यानंतरच्या त्यांच्या 'सोशिओबॉल'मध्ये खेळणारा स्वतः लेव्हल बनवून ट्विटरवरून दुसऱ्याला पाठवू शकत होता. आपल्याकडच्या कोडे-खेळांची चर्चा होते तेव्हा ही नावे फारशी निघत नाहीत. ती घेतली पाहिजेत. नावाबरोबर खेळामागचा वेळही पाहावा : फिनलंडच्या आर्वी तैकारी यांनी 'बाबा इज यू'चा पहिला नमुना २०१७ च्या एका गेम जॅममध्ये, मोजक्या तासांत केला आणि पूर्ण खेळ २०१९ मध्ये आला. मधली दोन वर्षे लेव्हल रचण्यात आणि गाळण्यात गेली. जॅममधले तास आणि ती दोन वर्षे, दोन्हींचा आदर करायला शिकावे.

हे पुस्तक वाचताना पहिल्या दोन प्रकरणांसाठी संगणक लागणार नाही. चौकटीची वही, पुठ्ठा, कात्री आणि पाच रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिल्या पानावर आपल्या खेळाचा नियम दोन वाक्यांत लिहा. दोन वाक्यांत बसत नसेल तर काय काढता येईल ते बघा आणि पुन्हा लिहा. खाली एकूण स्थितींचा आकडा मांडा, जमेल तसा. मग शेजारच्या खोलीतल्या एखाद्याला बोलवा, पुठ्ठ्याचे डबे त्याच्यासमोर ठेवा आणि काही न सांगता खेळू द्या. तो दुसरा डाव मागेल तोपर्यंत तिसऱ्या प्रकरणाकडे वळू नका.

यशवंतपूर, बंगळूर